इलेव्हन्टी आणि वेबसी : छोट्या संस्थेच्या वेबसाइटसाठी पारखलेले साधन

एचटीएमएल वापरात येऊन तीस वर्षे उलटली, तरी एका पानातला तुकडा दुसऱ्या पानात आणून बसवण्याची साधी सोय त्या भाषेत आजही नाही. वीस पानांच्या वेबसाइटवर शीर्षपट्टी, मेनू आणि तळपट्टी वीस वेळा लिहावी लागते, आणि संस्थेचा दूरध्वनी क्रमांक बदलला की वीस फाइली उघडून तो बदलावा लागतो. फ्रेम, सर्व्हर-साइड इन्क्लूड, पीएचपी असे उपाय वेळोवेळी पुढे आले. वेब कंपोनंट्सच्या (ब्राउझरमध्येच स्वतःचे टॅग घडवण्याच्या सोयीच्या) मूळ योजनेत ‘एचटीएमएल इम्पोर्ट्स’ नावाची सोयही होती. पण इतर ब्राउझरांनी ती स्वीकारली नाही, आणि २०२० च्या फेब्रुवारीत आलेल्या क्रोमच्या ८० व्या आवृत्तीतून ती काढून टाकण्यात आली. पुन्हा पुन्हा वापरता येणारे कंपोनंट, म्हणजे पानाचे तयार तुकडे, हवे असतील तर रिअ‍ॅक्टसारखी मोठी चौकट (जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क) उचलायची, असा प्रघात दरम्यानच्या काळात पडून गेला होता. बँकेच्या व्यवहारांच्या किंवा तिकीट आरक्षणाच्या वेबसाइटला ते शोभते. जिथे वाचकाने फक्त वाचायचे आहे, तिथे मात्र चार ओळींची सूचना दाखवण्यासाठी त्याच्या फोनवर शेकडो किलोबाइट जावास्क्रिप्ट धाडणे हा वाचकावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणूनच इलेव्हन्टी हे मजकूर आणि साचे जोडून वेबसाइटची एचटीएमएल पाने आधीच तयार करून ठेवणारे साधन आणि त्याच्या जोडीचे वेबसी हे प्लगइन (जोडसाधन) यांचे परीक्षण सविस्तर करावेसे वाटले. तालुक्याच्या ठिकाणच्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट मी या जोडीवर बांधली आहे आणि ती सांभाळण्याचे कामही माझ्याकडेच आहे. ग्रंथसूची, नव्या पुस्तकांची ओळख, व्याख्यानमालेच्या तारखा, सभासदत्वाचे नियम आणि दिवाळी अंक योजनेचा तपशील एवढाच तिचा पसारा आहे. पुढचे सगळे विवेचन अशाच प्रकारची वेबसाइट डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे.

इलेव्हन्टीचे कर्ते झॅक लेदरमन. रूबी भाषेतले जेकिल हे साधन २००८ पासून अशा कामासाठी प्रसिद्ध होते. त्याला जावास्क्रिप्टच्या जगातला पर्याय म्हणून लेदरमन यांनी इलेव्हन्टी २०१८ च्या सुरुवातीला लोकांसमोर आणले. पहिली पूर्ण आवृत्ती जानेवारी २०२२ मध्ये, दुसरी फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि तिसरी ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. साधन मुक्तस्रोत असून एमआयटी परवान्याखाली मिळते. जावास्क्रिप्टच्या व्ही८ इंजिनाचे आणि कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या ईएसलिंटचे संकेतस्थळ त्यावर उभे राहिले, म्हणजे ते केवळ हौशी प्रयोगांपुरते नाही. वेबसी हे प्लगइन २०२२ मध्ये जोडीला आले आणि या लेखाचा बराचसा भाग त्याच्याविषयीच आहे, कारण पुन्हा वापरण्याजोगे कंपोनंट निव्वळ एचटीएमएलच्या वळणाने लिहिता येणे ही त्याची देणगी आहे.

साधन हाताळायला लागणारी सामग्री खरोखरच थोडी आहे. संगणकावर नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) हवे, इलेव्हन्टीच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी नोडची १८ वी किंवा त्यापुढची आवृत्ती हवी, आणि एनपीएम या नोडच्या पॅकेज-भांडारातून एक पॅकेज उतरवून घ्यावे लागते. त्यानंतर फोल्डरमध्ये एखादी मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी सांगणारी) किंवा एचटीएमएल फाइल ठेवून एक कमांड दिली की ‘साइट’ नावाच्या, अधोरेषेने सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये तयार पाने येऊन पडतात. कॉन्फिग फाइल, म्हणजे साधनाला द्यायच्या सूचनांची फाइल, लिहिलीच पाहिजे असे नाही. ‘सर्व्ह’ हा पर्याय जोडून कमांड दिली तर संगणकावरच, ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर, वेबसाइट दिसू लागते आणि फाइल जतन करताच ब्राउझरमधले पान आपोआप ताजे होते. चित्रे, फॉन्ट आणि स्टाइलशीट या फाइली मात्र इलेव्हन्टी स्वतःहून पुढे नेत नाही; कोणते फोल्डर जसेच्या तसे न्यायचे हे कॉन्फिगमध्ये एका ओळीत सांगावे लागते. नवख्या माणसाचे पहिले पान बहुधा रंगरूपाविना उघडते ते यामुळेच, आणि इलेव्हन्टीच्या कागदपत्रांमध्ये (डॉक्युमेंटेशनमध्ये) ही गोष्ट अगदी सुरुवातीला ठळकपणे सांगायला हवी होती.

आता वेबसीकडे वळतो. ग्रंथसूचीच्या पानावर प्रत्येक पुस्तकासाठी एक चौकट हवी, तिच्यात पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशनवर्ष आणि दाखल क्रमांक असावा, अशी गरज होती. त्यासाठी ‘बुक-कार्ड’ या नावाची एक वेबसी फाइल तयार केली. आत साधे एचटीएमएल: बाहेर आर्टिकल टॅग, त्यात तिसऱ्या पातळीचे शीर्षक, खाली दोन परिच्छेद. शीर्षकाच्या टॅगवर ‘@’ चिन्ह लावून ‘टेक्स्ट’ हा गुणधर्म दिला आणि त्याला पुस्तकाच्या नावाचे चल सांगितले, की नाव तिथे उमटते. त्याच फाइलच्या तळाशी स्टाइल टॅग घालून त्यावर ‘वेबसी:स्कोप्ड’ असे लिहिले. एवढ्यावर कंपोनंट पूर्ण होतो. कंपोनंटांच्या ठरलेल्या फोल्डरात ही फाइल ठेवली की तिचे नाव हाच टॅग होतो. तो वेगळा आयात करावा लागत नाही. पानात ‘बुक-कार्ड’ हा टॅग उघडायचा, त्याला गुणधर्म म्हणून नाव आणि लेखक द्यायचे आणि टॅग बंद करायचा. यादीतल्या प्रत्येक पुस्तकासाठी तो टॅग फिरवायचा तर ‘वेबसी:फॉर’, अटीवर दाखवायचा तर ‘वेबसी:इफ’. ज्याला एचटीएमएल येते त्याला ही फाइल पहिल्या वाचनात कळते, आणि संस्थेत पुढे माझ्या जागी कोणीही आले तरी त्याला ती कळेल, ही खात्री मला फार मोलाची वाटते.

बिल्ड झाल्यावर, म्हणजे इलेव्हन्टीने पाने तयार केल्यावर, हाती काय येते, हे तयार झालेले पान उघडून मुद्दाम पाहावे. कंपोनंटमध्ये स्वतःची स्टाइल किंवा स्क्रिप्ट नसेल तर त्याचा टॅगच गळून पडतो आणि आतले निव्वळ एचटीएमएल मागे उरते. स्टाइल असेल तर टॅग राहतो, त्याला त्या स्टाइलवरून काढलेले एक विशिष्ट क्लासनाव जोडले जाते, आणि त्या कंपोनंटचे सगळे नियम त्या क्लासच्या कक्षेत बांधले जातात, त्यामुळे कार्डातल्या शीर्षकाचा रंग बदलला तर पानावरच्या इतर शीर्षकांना धक्का लागत नाही. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पानावर जे कंपोनंट वापरले असतील तेवढ्यांचीच स्टाइल एकत्र करून वेबसी देते आणि ती लेआउटच्या (सर्व पानांच्या सामाईक साच्याच्या) हेडमध्ये एकाच जागी ओतता येते. सभासदत्वाच्या नियमांच्या पानावर पुस्तकांची चौकट नाही, तर त्या पानात तिच्या स्टाइलचे एक अक्षरही येत नाही. हे साधण्यासाठी मोठ्या फ्रेमवर्कना फाइली एकत्र बांधणारे बंडलर, लोडर आणि त्यांच्या कॉन्फिग फाइलींची रांग लागते. इथे ती वेगळी मांडावी लागत नाही.

वेबसी लिहिताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. ते मजकूर खऱ्या एचटीएमएलच्या नियमांनी, म्हणजे ब्राउझर ज्या नियमांनी वाचतो त्याच नियमांनी वाचते. ही त्याची ताकद आहे आणि त्याच्या बहुतेक अडचणींचे मूळही तेच आहे. रिअ‍ॅक्टची सवय असलेला माणूस टॅगच्या शेवटी तिरकी रेघ देऊन तो तिथेच मिटवतो. एचटीएमएलमध्ये आपण बनवलेल्या टॅगला अशी सूट नाही. रेघ दुर्लक्षिली जाते, टॅग उघडाच राहतो आणि त्यापुढचा मजकूर त्या टॅगच्या पोटात जातो. कंपोनंटमध्ये स्लॉट (आतल्या मजकुरासाठी राखलेली जागा) ठेवलेला नसेल तर तो मजकूर तयार पानात उमटतच नाही. म्हणून उघडलेला टॅग नावानिशी बंद करायचा, हा नियम पाळावाच लागतो.

तक्त्यांच्या बाबतीत हेच वेगळ्या रीतीने दिसते. टेबल टॅगच्या आत फक्त ठरावीक टॅगच चालतात, त्यामुळे दिवाळी अंकांच्या यादीतल्या ओळीसाठी आपण स्वतःचा टॅग लिहिला तर एचटीएमएलचा नियम त्याला तक्त्याबाहेर काढून ठेवतो आणि यादीच्या ओळी तक्त्याच्या वरती विखुरतात. यावर वेबसीने चांगली तोड दिली आहे: ओळीचा नेहमीचा टॅगच लिहायचा आणि त्यावर ‘वेबसी:इज’ हा गुणधर्म देऊन ही ओळ अमुक कंपोनंटने भरायची आहे असे सांगायचे. पानाच्या हेडमध्ये येणाऱ्या कंपोनंटांनाही हीच युक्ती लागते, कारण हेडमध्ये अनोळखी टॅग आला की एचटीएमएलच्या दृष्टीने हेड तिथेच संपते आणि बॉडी सुरू होते. ही माहिती कागदपत्रांत आहे, पण ती शोधणाऱ्यालाच सापडते. एकदा मूळ कारण समजले की मात्र सगळे नियम एकाच सूत्रातले वाटू लागतात आणि पाठ करावे लागत नाहीत.

कंपोनंटला दिलेल्या गुणधर्माच्या आधी ‘@’ लावले तर तो फक्त बिल्डपुरता राहतो, न लावल्यास आणि टॅग टिकून राहिला तर तो तयार पानातही दिसतो. वाचनालयाच्या अंतर्गत नोंदी, जसे की पुस्तकाचे कपाट किंवा खरेदीची किंमत, कंपोनंटमध्ये निर्णयासाठी लागत असतील तर हा फरक विसरून चालत नाही.

इलेव्हन्टीची खरी श्रीमंती त्याच्या माहिती हाताळण्याच्या पद्धतीत आहे. ‘डेटा’ नावाच्या, पुन्हा अधोरेषेने सुरू होणाऱ्या फोल्डरात जेसन (माहिती साठवण्याच्या साध्या स्वरूपाची) फाइल ठेवली की तिच्यातली माहिती प्रत्येक टेम्प्लेटला (पानाच्या साच्याला) उपलब्ध होते. वाचनालयाच्या नोंदी एक्सेलमध्ये असतात आणि तिथून त्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या) स्वरूपात काढता येतात. इलेव्हन्टी ते स्वरूप मूळात ओळखत नाही, पण कॉन्फिगमध्ये थोड्या ओळी लिहून आणि एक छोटा पार्सर (फाइल वाचणारा कोड) जोडून ते शिकवता येते. मग एकच टेम्प्लेट लिहून, पृष्ठांकनाचा आकार (एका पानावरच्या नोंदी) एक ठेवून, यादीतल्या प्रत्येक पुस्तकाचे स्वतंत्र पान तयार करून घेता येते. ग्रंथपालांनी एक्सेलमध्ये ओळ वाढवली, फाइल बदलली, की पुस्तकाचे पान, लेखकाच्या यादीतली नोंद आणि मुखपृष्ठावरची ‘नवीन आलेली पुस्तके’ ही तिन्ही ठिकाणे एकाच बिल्डमध्ये बदलतात. डेटाबेस नाही, त्यामुळे त्याची राखण नाही. प्रशासकाचे प्रवेशपान नाही, त्यामुळे त्यावर रात्रंदिवस परवलीचे शब्द आजमावणाऱ्यांचा उपद्रवही नाही.

मराठी वेबसाइटसाठी काही गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात, आणि त्या इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा येत नाहीत. इलेव्हन्टीमध्ये शीर्षकावरून पानाचा पत्ता घडवणारा ‘स्लगिफाय’ नावाचा फिल्टर आहे. रशियन किंवा जर्मन शीर्षकाचे तो रोमन रूप करून देतो. देवनागरी अक्षरे मात्र त्याच्या तक्त्यात नाहीत, ती गाळली जातात आणि निव्वळ मराठी शीर्षकातून रिकामी ओळ हाती येते. मग सगळ्या पुस्तकांचा पत्ता एकच होतो. सुदैवाने दोन पाने एकाच ठिकाणी लिहिली जात आहेत असे दिसताच इलेव्हन्टी बिल्ड थांबवते आणि कारण सांगते, गुपचूप एकावर एक लिहीत सुटत नाही. यावरचा वाचनालयाला शोभणारा उपाय म्हणजे पुस्तकाच्या पानाचा पत्ता दाखल क्रमांकावरून घडवणे: तो एकमेव असतो, बदलत नाही आणि पुस्तकावरच लिहिलेला असतो. लेखांसाठी पत्ता हाताने, सोप्या रोमन अक्षरांत लिहावा.

तारखांचेही असेच. नोडमध्ये जावास्क्रिप्टची आंतरराष्ट्रीय तारखांची सोय पूर्ण असते. तिला मराठी भाषा सांगितली की महिन्याचे नाव मराठीत आणि अंक देवनागरीत येतात, वेगळी लायब्ररी लागत नाही. नुसती तारीख लिहिली तर इलेव्हन्टी ती जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्रीची धरते. अमेरिकेतल्या लोकांना त्यामुळे आदल्या दिवसाची तारीख दिसते आणि ती तक्रार सर्वत्र वाचायला मिळते. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्याने आपल्या संगणकावर दिवस तोच राहतो. पण वेळेसह लिहिलेली नोंद असेल, समजा १५ ऑगस्टच्या पहाटे दोनची भारतीय वेळ दिलेली असेल, आणि बिल्ड प्रमाणवेळेवर चालणाऱ्या दूरच्या सर्व्हरवर होत असेल, तर पानावर १४ ऑगस्ट उमटेल. तारखेच्या फिल्टरमध्ये ‘आशिया/कोलकाता’ हा कालविभाग एकदा लिहून ठेवला की हा प्रश्न कायमचा मिटतो.

वर्णानुक्रमाची गोष्ट ग्रंथसूचीला विशेष लागू आहे. जावास्क्रिप्टची साधी क्रमवारी युनिकोडच्या क्रमांकांवर चालते, आणि त्या क्रमात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसते, तर ‘क्ष’ने सुरू होणारी नावे ‘क’च्या घरात जातात. ग्रंथपालांच्या नजरेला हे लगेच खुपते, आणि ते खुपणे रास्त आहे. भाषेनुसार क्रम लावणारी सोय जावास्क्रिप्टमध्ये आधीपासून आहे. तिला मराठी सांगून एक फिल्टर लिहावा आणि तोच सर्व याद्यांना वापरावा. मूळ लेआउटमध्ये एचटीएमएल टॅगवर भाषेचा संकेत म्हणून ‘एमआर’ लिहिणेही तितकेच आवश्यक आहे, कारण ज्या फॉन्टांत मराठी वळणाची सोय केलेली आहे त्यांत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे त्या संकेतामुळेच आपल्या ओळखीच्या वळणाने उमटतात. लेआउट एकच असल्यामुळे हा बदल एका जागी केला की सर्व पानांना लागू होतो.

मुखपृष्ठांच्या चित्रांसाठी इलेव्हन्टीचे स्वतःचे प्लगइन आहे. टेम्प्लेटमध्ये चित्राचा साधा टॅग लिहावा. प्लगइन त्याच्या लहान-मोठ्या, हलक्या स्वरूपातल्या प्रती करून योग्य तो टॅग घडवते. चित्राला पर्यायी मजकूर दिला नसेल तर ते त्रुटी दाखवून थांबते. मला ही सक्ती मनापासून आवडली. दृष्टिहीन वाचकांसाठी पर्यायी मजकूर लिहावा हे सर्वांना माहीत असते आणि घाईत तो सर्वांकडून राहतो; इथे तो राहूच शकत नाही.

आता उणिवा. वेबसीचा आवृत्तीक्रमांक हे लिहीपर्यंत शून्यानेच सुरू होतो, म्हणजे कर्त्यांनीच ते अद्याप पूर्णत्वाला आल्याचे जाहीर केलेले नाही, आणि त्यातल्या सुधारणांचा वेग इलेव्हन्टीच्या मानाने मंद आहे. मार्कडाउनमध्ये लिहिलेल्या लेखात वेबसीचा कंपोनंट सरळ वापरता येत नाही. त्यासाठी तयार झालेले प्रत्येक पान पुन्हा वेबसीतून काढण्याचा पर्याय आहे, पण तो मूळात बंद ठेवलेला असतो, कारण त्याने बिल्डचा वेळ वाढतो. ज्या वेबसाइटचा बहुतेक मजकूर मार्कडाउनमध्ये आहे आणि लेखांच्या मध्येच चौकटी, टिपा, चित्रमालिका घालायच्या आहेत, तिथे वेबसीऐवजी इलेव्हन्टीचे शॉर्टकोड (मजकुरात घालायच्या छोट्या आज्ञा) वापरणे सोयीचे पडते. त्रुटीचे संदेशही काही वेळा मूळ कारणापासून दूरचे असतात: टॅग कुठे उघडा राहिला हे न सांगता भलत्याच चलाचे नाव सांगितले जाते.

कागदपत्रे विपुल आहेत, मनापासून लिहिलेली आहेत आणि तरीही नवख्याला त्यांतून वाट काढणे अवघड जाते. इलेव्हन्टी अनेक टेम्प्लेटभाषा समजते. त्यामुळे प्रत्येक उदाहरण लिक्विड, नंजक्स, जावास्क्रिप्ट अशा निरनिराळ्या रूपांत दिलेले असते आणि आपण कोणते घ्यावे हे कोणी सांगत नाही. साधने निवडण्याचे हे स्वातंत्र्य जाणत्याला हवेहवेसे वाटते, शिकणाऱ्याला ते ओझे होते. एचटीएमएल आणि मार्कडाउन फाइलींवर इलेव्हन्टी मुळात लिक्विडचा संस्कार करते, एवढे एक वाक्य जरी लक्षात ठेवले तरी सुरुवातीची बरीच कोडी सुटतात. लिक्विड लेआउटला आणि वेबसी कंपोनंटला, अशी विभागणी न करता लेआउटही वेबसीतच लिहावे, असा माझा सल्ला आहे. दोन भाषांची सरमिसळ टाळल्याने फाइली वाचनीय राहतात.

पर्यायांचा विचार केला तर ह्यूगो हे याच प्रकारचे साधन वेगात उजवे आहे. गो भाषेत लिहिलेली एकच फाइल उतरवून घ्यायची, नोड नको, एनपीएमच्या पॅकेजांचे फोल्डर नको; साधने कमीत कमी हवीत या कसोटीवर ते इलेव्हन्टीच्याही पुढे जाते. त्याची टेम्प्लेटभाषा मात्र गो न येणाऱ्याला परकी वाटते आणि त्यातले पार्शल (पानाचे तुकडे) वाचून तयार पानाचे एचटीएमएल डोळ्यांसमोर येत नाही. अ‍ॅस्ट्रोमध्ये कंपोनंट लिहिण्याचा अनुभव अधिक घोटीव आहे, त्रुटीचे संदेश स्वच्छ आहेत, आणि पानाच्या एखाद्या भागालाच जावास्क्रिप्ट द्यायचे असेल तर त्याची व्यवस्था उत्तम आहे. पण त्यामागे व्हीट हे बिल्डचे साधन आणि त्यासोबतची बरीच यंत्रणा उभी असते. पाच वर्षांनी कोणीतरी हे फोल्डर उघडून बिल्ड करील असे गृहीत धरायचे असेल, तर मला इलेव्हन्टीची छोटी यंत्रणा अधिक भरवशाची वाटते. कोणतेही साधन न घेता ब्राउझरमधल्या कस्टम एलिमेंटांनी शीर्षपट्टी घडवण्याचाही मार्ग आहे, मात्र मग मेनूसारखी मूलभूत गोष्ट स्क्रिप्ट येऊन चालेपर्यंत पानावर दिसत नाही आणि स्क्रिप्ट न पोचल्यास दिसतच नाही. ग्रामीण भागातल्या मोबाइल जोडणीवर ही जोखीम घेऊ नये.

वर्डप्रेसशी तुलना अटळ आहे, कारण महाराष्ट्रातल्या छोट्या संस्थांच्या बहुतेक वेबसाइट त्यावरच असतात. संस्थेतले दोन-तीन जण रोज मजकूर टाकणार असतील, त्यांच्यापैकी कोणालाही तांत्रिक बाजू पाहायची नसेल, तर वर्डप्रेस घ्यावे. इलेव्हन्टीमध्ये लिहिण्यासाठीचा पडदा मुळातच नाही. पण महिन्यातून तीन-चार वेळा बदलणारी वेबसाइट वर्डप्रेसवर ठेवणे म्हणजे प्लगइनांची अद्ययावतता, डेटाबेसच्या प्रती आणि होस्टिंगचे वार्षिक बिल हे सर्व कोणासाठी तरी कायमचे काम करून ठेवणे आहे. ते काम अंगावर घेणारी व्यक्ती संस्था सोडून गेली की वेबसाइट आधी शिळी होते आणि मग असुरक्षित. इलेव्हन्टीच्या वेबसाइटकडे वर्षभर कोणी फिरकले नाही तरी पाने जशी होती तशीच उघडत राहतात, आणि कार्यकारिणी बदलणाऱ्या, मानधनाची तरतूद नसलेल्या संस्थेसाठी मी या गुणाला बाकी सर्व गुणांपेक्षा वर ठेवतो.

ठेवण्याचा खर्च नगण्य आहे. गिटहब या कोड ठेवण्याच्या सेवेच्या गिटहब पेजेसवर विनामूल्य वेबसाइट ठेवता येते. प्रकाशित वेबसाइटचा आकार १ जीबीपर्यंत आणि महिन्याची वाहतूक साधारण १०० जीबीपर्यंत असावी अशी मर्यादा आहे, आणि तालुक्याच्या वाचनालयाला ती पुरून उरते. दोन गोष्टी तिथे आधीच करून ठेवाव्यात. गिटहब पेजेस स्वतःहून जेकिल चालवते, त्यामुळे इलेव्हन्टीसाठी बिल्डची कृती त्याच सेवेच्या स्वयंचलित कामांच्या सोयीत, गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये लिहावी लागते. आणि संस्थेचे स्वतःचे डोमेन नसेल तर वेबसाइट बहुधा उपफोल्डरात उघडते, मुळापासून लिहिलेले सगळे दुवे तुटतात. त्यासाठी कॉन्फिगमध्ये पत्त्याचा उपसर्ग सांगून दुसऱ्या आवृत्तीपासून मिळणारे एचटीएमएल-बेस हे प्लगइन जोडावे. वर्षाला काही शे रुपये भरून स्वतःचे डोमेन घेतले तर हा खटाटोपही नको, आणि उद्या ठिकाण बदलले तरी पत्ता संस्थेचाच राहतो.

जे कोणी हे साधन घेतील त्यांनी पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइल मूळ फाइलींसोबत न चुकता जतन करावी आणि नोडची कोणती आवृत्ती वापरली हेही त्याच फोल्डरात लिहून ठेवावे. तयार झालेल्या पानांची एक प्रत वर्षातून एकदा संस्थेच्या कार्यालयातल्या संगणकावर उतरवून ठेवायला हरकत नाही. ती पाने मुळात सुट्या एचटीएमएल फाइली असल्याने, इलेव्हन्टी किंवा वेबसी पुढे बंद पडले तरी त्या कुठल्याही साध्या होस्टिंगवर नेऊन ठेवता येतात.